हनोईत हरवलं कोण?

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. मुलाजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही, आणि ज्या सलीमभाईंच्या गॅरेजवर रोज संध्याकाळी बसून अर्ध्या जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढतो, त्यांच्याजवळ तर मुळीच नाही — ते त्या दिवशी तिथं होते ना. हे फक्त एका माणसाला ठाऊक आहे आणि ते माणूस माझ्याच घरात राहतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बसलोय.

मी नेरचा. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. पोरं मला 'नकाशे सर' म्हणायची, आणि ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? डोळे झाकून फळ्यावर भारत काढायचो, कच्छच्या आखातासकट. रस्ता कुणी विचारला तर मी नुसता सांगत नसे, खडूने जमिनीवर काढून दाखवत असे. आणि इतकं करून माझा स्वतःचा प्रवास किती? नागपूर, पुणे, एकदा तिरुपती. निवृत्त झाल्यावर यवतमाळच्या एका सहलवाल्याने व्हिएतनामची सहल काढली तेव्हा मी पहिलं नाव दिलं. बावीस जण होतो. बरेचसे मास्तरच, दोन कापड दुकानदार, सलीमभाई आणि त्यांच्या बेगम. आणि माझी बायको, शोभा.

शोभा सातवी शिकलेली. मी शाळेत जगाच्या नद्या शिकवायचो तेव्हा ती आमचं चार एकर वावर सांभाळायची. कपाशी वेचायच्या बाया गोळा करणं, कुणाला कोणत्या ओळी द्यायच्या ते ठरवणं, तुरीवर नजर ठेवणं, सगळं तीच बघायची. मला आमच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, कुठं संपतो हेही नीट सांगता आलं नसतं. पासपोर्ट आला तेव्हा तिने तो देवघरात ठेवला आणि हळदकुंकू लावायला निघाली होती. मीच अडवली, सरकारी कागद आहे म्हणून.

काय देश आहे हो तो! हालाँगच्या उपसागरात आमची बोट शिरली आणि पाण्यातून वर आलेले ते चुनखडीचे डोंगर दिसले — शेकडो, एकामागे एक, धुक्यात विरत गेलेले. चुनखडी पाण्याने कशी झिजते हा धडा मी एकतीस वर्षं शिकवला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो डोळ्यांनी बघत होतो. माझे डोळे भरून आले. शोभा शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "हेच शिकवत होते का तुम्ही? मंग पोरायले इथं आनाले पायजे होतं." मला तेव्हा ती फार जवळची वाटली.

माणसंही तशीच. कष्टाळू, हसरी. खांद्यावर कावड घेऊन फळं विकणाऱ्या बाया, फुटपाथवर वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून वाटीतल्या शेवया खाणारी म्हातारी माणसं, आणि स्कूटरी. स्कूटरींचं काय सांगू? हनोईत रस्ता ओलांडायचा म्हणजे मधे फटच सापडत नाही. मी दहा मिनिटं कडेला उभा राहिलो, एक पाय खाली टाकायचो, परत वर घ्यायचो. शेवटी शोभाने माझा हात धरला. म्हणाली, संध्याकाळी गुरं गावात येतात तसंच आहे हे, आपण थांबायचं नाही आणि पळायचंही नाही, एका चालीनं चालत राहायचं, ती आपोआप वळतात. आणि खरंच, सगळ्या स्कूटरी आमच्या दोन्ही अंगांनी वाहून गेल्या. पलीकडे सलीमभाई उभे होते, ते टाळ्या वाजवायला लागले. "सरजी, भाभी तो कमाल है," म्हणाले.

मी हसलो. पण आत काहीतरी टोचलं. का टोचावं? बायकोने रस्ता पार करून दिला याचं एखाद्याला कौतुक वाटेल. मलाही वाटलं, नाही असं नाही — पण त्याच्याबरोबर ते दुसरंही वाटलं. मी लांबण लावतोय, कळतंय मला. मुद्द्यावर येतो.

शेवटच्या दिवशी दुपार मोकळी होती. सहा वाजता तळ्याकाठच्या आमच्या हॉटेलसमोरून बस विमानतळाकडे निघणार होती. सहलवाल्याने प्रत्येक जोडीला हॉटेलचं एक कार्ड दिलं, हरवलात तर कुणालाही दाखवा म्हणून. मी ते घेतलं नाही. 'नकाशे सर' कार्ड घेऊन फिरणार? शोभाने मुकाट्याने उचललं आणि पाकिटात ठेवलं. फोनवरचा नकाशासुद्धा मला नको होता, फोन सामानातच ठेवला. माझ्याजवळ कागदाचा होता, चार घड्यांचा.

जुन्या हनोईतल्या गल्ल्यांची एक गंमत आहे. एका गल्लीत एकच माल. एकीत सगळी पत्र्याची भांडी, ठोकाठोकीने कान किटतात. दुसरीत रेशीम. पुढे बांबूच्या शिड्या, मग औषधाची मुळं आणि साली, मग देवापुढे जाळायचे कागद. मी प्रत्येक कोपऱ्यावर पाटी वाचून नकाशात शोधत होतो, आणि सगळ्या पाट्यांची सुरुवात एकाच शब्दाने होत होती. ढगाळ हवा, सूर्य नाही, सावली नाही, उत्तर कुठली तेच कळेना. शोभा मात्र खुशीत होती. म्हणाली, हे तर आपल्या नेरच्या आठवडी बाजारासारखं आहे. मिरचीवाल्यांची ओळ, बांगड्यांची ओळ, मडक्यांची ओळ. मी म्हटलं, हे एका देशाचं राजधानीचं शहर आहे, नेरचा बाजार नाही.

फिरून परत पत्र्याच्या गल्लीत आलो, तिथं ती एका म्हाताऱ्या कारागिरापाशी थांबली. तो हाताने डबा वळत होता, सांधा लावत होता. ती तिथंच उकिडवी बसली बघायला. मी म्हटलं, चल, उशीर होतोय, तळं या बाजूला आहे. ती म्हणाली, तळं मागं राहिलं. अगदी सहज म्हणाली. मी चिडलो. तू बैस इथंच, मी रस्ता बघून येतो, असं म्हणून तरातरा निघालो. मागं वळूनही बघितलं नाही.

त्यानंतर अडीच तास मी त्या गल्ल्यांत फिरत होतो.

तुम्ही कधी खरंच हरवला आहात का? म्हातारपणी, भाषा येत नसलेल्या गावात? आधी राग येतो, मग घाम. नकाशा हातात ओला होऊन घडीवर फाटला. मला हॉटेलचं नाव आठवेना — कार्ड तिच्याजवळ, नाव मी एकदाही नीट वाचलेलं नव्हतं. पत्र्याची गल्ली शोधायला जावं तर भलतीच कसलीतरी येत होती, एकदा तर थडग्यांचे दगड विकणारी आली. अंधारायला लागलं. ती तिथं एकटी बसली असेल, परक्या देशात, माझी वाट बघत, हे डोक्यात यायला हवं होतं ना? ते नंतर आलं. आधी मला माझीच काळजी पडली होती. एका चहावालीच्या टपरीपुढे मी त्या लहानशा स्टुलावर बसलो आणि तोंडावर नकाशा धरून रडलो. म्हातारीने काही न विचारता हिरव्या चहाचा पेला माझ्या हातात दिला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. ते देशभरातलं मला मिळालेलं सगळ्यात मोठं आदरातिथ्य, आणि ते मी कुठल्याच भाषणात सांगितलेलं नाही.

आणि मग समोरच्या वळणावरून शोभा आली.

तिची युक्ती ऐका. तासभर वाट पाहून ती उठली आणि गल्लीगल्लीने दुकानदारांना विचारत निघाली. शब्द एकही नाही. दोन्ही हातांनी डोक्यापासून हनुवटीपर्यंत टोपी ओढल्यासारखं करायची आणि बोटाने मिशी दाखवायची. मी घरून माकडटोपी घालून गेलो होतो, थंडी होती म्हणून. आमच्याकडचा प्रत्येक मास्तर जानेवारीत तीच घालतो. अख्ख्या हनोईत तशी टोपी एकच होती. दुकानदार हसायचे आणि बोट दाखवायचे, या बाजूला, मग त्या बाजूला. असं करत करत ती माझ्यापर्यंत पोहोचली. समोर उभी राहून तिने माझ्याकडे पाहिलं, डोळे पाहिले, आणि एवढंच म्हणाली, "च्या झाला का पिऊन? चला मंग."

मग तिने मला परत नेलं. कागदाची ओळ, मुळांची ओळ, शिड्या, रेशीम, पत्र्याची भांडी, मग तळं. एकदाही अडली नाही. वावरात कुणाच्या ओळी कुठं संपल्या हे जशी लक्षात ठेवायची, तशीच. मी तिच्या मागून चालत होतो आणि मनात म्हणत होतो, बाई, तू काय आहेस! शप्पथ, असंच म्हणत होतो. आणि हे सगळं मनात म्हणून झाल्यावर मी काय केलं?

बस सुरू करून सगळे थांबले होते. सहलवाला घाबरलेला, बायका तळमळत होत्या, सलीमभाई रस्त्यावर येऊन उभे. मला पाहताच म्हणाले, "अरे सर, कहाँ थे? दिल बैठ गया था हमारा." शोभाने तोंड उघडलं असेल नसेल, तोच मी म्हणालो, "काही नाही. ही भुलली होती बाजारात. मागं राह्यली. शोधून आनली कशी तरी."

किती सोपं होतं. एका श्वासात झालं. शोभाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलेल, आणि बोलली असती तर बरं झालं असतं. ती सगळ्यांकडे वळून म्हणाली, "हो ना, मले रस्ताच सापडे ना. बरं झालं हे आले." आणि बसमध्ये चढली. चारचौघांत नवऱ्याला खाली बघायला लावायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं असेल? विमानात ती गाढ झोपली. मी जागा होतो.

नेरला परतल्यावर शाळेने व्याख्यानाला बोलावलं. मी पोरांना हालाँगचे डोंगर सांगितले, स्कूटरी सांगितल्या, आणि शेवटी ती गोष्ट रंगवून सांगितली — काकू परदेशात कशा हरवल्या आणि सरांनी नकाशावरून कसं शोधून काढलं. पोरं पोट धरून हसली. कळंबच्या शाळेतही तेच. लग्नाकार्यात लोक तिला विचारायला लागले, काकू, मांडवातून घरचा रस्ता सापडेल ना? ती पदर सावरून हसायची. मीही हसायचो. मुलगा पुण्याहून फोन करायचा तेव्हा बजावायचा, आईला एकटी कुठं सोडू नका.

गेल्या वर्षी भजनी मंडळाच्या बाया नेपाळला निघाल्या. शोभाने मला न विचारता नाव दिलं. कपाटातून पासपोर्ट काढला, त्याची मुदत बघून घेतली, लोकरीचं स्वेटर उन्हात टाकलं. दोन दिवसांनी मंडळाच्या दोघीजणी घरी आल्या. त्यांचं म्हणणं, काकूंची जबाबदारी कशी घ्यायची? तिकडं हरवल्या तर? त्यांनी हे चेष्टेने म्हटलं नाही, काळजीने म्हटलं. मी तिथंच खुर्चीवर होतो. शोभा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. एक वाक्य लागत होतं. तिथं, त्या दोन बायांसमोर, एवढंच म्हणायचं होतं की ती नाही, मी हरवलो होतो. तुम्हाला काय वाटतं, एवढं अवघड असतं ते?

मी म्हणालो, बरोबर आहे तुमचं, मी सोबत असतो तर गोष्ट वेगळी. शोभाने त्यांना चहा दिला आणि स्वेटर आत नेऊन ठेवलं. त्या दिवशी भाजीत मीठ जास्त नव्हतं, आदळआपट नव्हती, काहीच नव्हतं. ती मला कधीच काही म्हणाली नाही. आजही म्हणत नाही.

तिची धाकटी बहीण वणीजवळच्या राजूरला असते. लग्न झाल्यापासून शोभा तिच्याकडे एकटीच जायची. यवतमाळला गाडी बदलायची, वणीला बदलायची, संध्याकाळच्या आत पोहोचायची. मला कधी विचारलंसुद्धा नाही. गेल्या महिन्यात मी तिला सोडायला स्टँडवर गेलो. गाडी लागली. लोक चढले. ती पायरीशी गेली आणि थांबली. पिशवी छातीशी धरून वळली.

"तुम्ही येता का संग?" म्हणाली. "मले आता भेव लागते. कुठं भुलली तर?"

ती टोमणा मारत नव्हती. मी तिचे डोळे नीट पाहिले. तिला खरंच भीती वाटत होती.

मी गाडीत चढलो आणि तिच्या शेजारी बसलो. राजूरपर्यंत तिने माझी बाही धरून ठेवली होती, आणि मी ती धरू दिली.