गुल्चाला लावलेला मीटर

टोपचुबाय हाताचा हुशार आणि डोक्याचा गरम. उंच डोंगरातल्या सारी-ताशमध्ये माझ्या चहाच्या दुकानाला लागून त्याचं गॅरेज आहे. खिंड चढून आलेली गाडी त्याच्याकडे जाते आणि तिचा ड्रायव्हर माझ्याकडे, त्यामुळे त्याचं सगळं मला ठाऊक.

काम तो शिकला खाली, ओश शहरात. सुटे भागही तिथूनच यायचे. धाकट्या भावाचा, एर्गेशचा, बाजारात गाळा आहे. मोठ्या भावाचा शब्द तो खाली पडू द्यायचा नाही.

एकदा एका याकवाल्याची गाडी चढाला ओढेना. टोपचुबायला संशय आला तो इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब सांगणाऱ्या सेन्सरचा. इंजिन बंद ठेवून त्याने नुसती चावी फिरवली आणि सेन्सरच्या तारेला मीटर लावला. ओशच्या उस्तादाने शिकवलं होतं, आकडा चार व्होल्टच्या वर हवा. आला तीन. एर्गेशकडून नवा मागवला, तोही तीन. आणखी एक मागवला, तरी तीनच. प्रत्येक वेळी तोच आकडा येतोय म्हटल्यावर माणसाला काहीतरी वेगळं सुचावं. याला सुचलं ते एवढंच, की भाऊ भंगारातला माल पाठवतोय.

बरं, हे त्याने बोलावं कुठे? वडिलांना जाऊन वर्ष झालं त्या जेवणात, सगळ्या भाऊबंदांसमोर.

"वडील होते तोवर दबून होतास. आता मलाच लुबाडायला निघालास?"

एर्गेश थोरल्याला आके म्हणायचा. म्हणाला, "आके, माल नवा आहे. वडिलांची शपथ."

"त्यांचं नाव घेऊ नकोस."

एर्गेश न जेवता उठला. वडिलांच्या नावाचा घास पोटच्या पोराला मिळाला नाही.

पुढच्या आठवड्यात टोपचुबाय तीच गाडी घेऊन ओशला निघाला, भर बाजारात मीटर लावून भावाचं तोंड बंद करायला. मला साखर आणायची होती, मीही बसले. वाटेत खाली गुल्चा गावापर्यंत उतरलो तर गाडी मजेत पळायला लागली. त्याने कडेला घेऊन मीटर लावला. आकडा चढला होता. सेन्सर तोच, तारा त्याच. फक्त आम्ही डोंगर उतरलो होतो. आमच्या वरच्या विरळ हवेत चांगला सेन्सरही तीनच दाखवणार, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. चेहराच सांगत होता.

मी म्हटलं, "चल आता ओशला. भावाला जवळ घे, मिटलं."

"आपा, मोठा भाऊ माफी मागत फिरत नाही."

आणि त्याने गाडी वळवली. माझी साखर गेली खड्ड्यात, पण मला राग आला तो त्या ताठ मानेचा. अजून येतो.

दोन वर्षांनी एर्गेशच्या मुलीचं लग्न झालं. रीत म्हणून टोपचुबायला बोलावणं आलं, रीत म्हणूनच त्याला मानाच्या जागी बसवलं आणि मेंढ्याचं डोकंही त्याच्याच पुढे ठेवलं. मोठ्याने कान कापून धाकट्याला द्यायचा असतो. टोपचुबायने कापला आणि दोन्ही हातांनी एर्गेशपुढे धरला. माफी मागायची त्याची तीच पद्धत असावी.

एर्गेशने हात पुढे केला नाही. अगदी अदबीने म्हणाला, "आधी मीटर लावून बघा, उस्ताद. आमच्याकडचा माल आहे."

कुणी हसलं नाही. टोपचुबायने कान परत ताटात ठेवला. एर्गेश पुढच्या पाहुण्याला चहा द्यायला वळला.