कागदावरचं नाव

परवा प्रयोगशाळेत नवेगाव बांधच्या तलावातल्या पाण्याची बाटली उघडली. शेवाळाचा आणि ओल्या जाळ्यांचा वास आला, आणि मला बाबांची ओसरी आठवली.

याच पाण्यातले जिवाणू अन्नाचा माग घेत कसे वळतात, हे मी चार वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. बाबा डोंग्यातून मासे धरायचे, तेच मला पाणी काढून द्यायचे. शोधनिबंध छापून आला, तेव्हा त्यावर माझ्या मार्गदर्शकांचं नाव होतं आणि त्यांच्या जावयाचं. माझं कुठेच नव्हतं.

बाबा सारखे निबंधाचं विचारायचे, म्हणून तो घरी नेला. इंग्रजी न येणाऱ्या बाबांनी लुंगीला हात पुसून कागद घेतला.

"यात तुहं नाव कोठी आहे वं?"





मी मार्गदर्शकांच्या नावावर बोट ठेवलं. "हे, बाबा."

त्यांनी त्या अक्षरांवरून हळूच अंगठा फिरवला आणि कागद घेऊन ते गावभर दाखवायला निघाले.

तेव्हा वाटलं, मी त्यांचं मन राखलं. आता बाबा नाहीत, आणि कळतं, की चोरी दुसऱ्याने केली होती, पण तिच्या साक्षीला मी माझ्या बापाला उभं केलं.