तिसऱ्या वेळचं दार

नाटक प्रेमाचं, पण नाटकभर मार खातं ते दार. बाहेर तो, आत ती, आणि एकच प्रसंग तीनदा. पहिल्या वेळी दार लगेच उघडतं नि दोघांचा संसार होतो. दुसऱ्या वेळी उशिरा उघडतं, मग नुसती ओळख उरते. तिसऱ्या वेळी तो चार थापा मारतो, दार उघडत नाही, तो निघून जातो नि पडदा पडतो.

त्या दारामागे कडी धरून उभे राहायचे ते कडीमास्तर. सेटचं दार हलकं, सोडलं की आपोआप उघडायचं. एकतीस वर्षांत त्यांची कडी कधी चुकली नव्हती. घरी मात्र चुकली. वर्षापूर्वी बायको भांडून बहिणीकडे गेली आणि आठव्या दिवशी बॅग घेऊन परत आली. मास्तर आत फुगून बसले होते. अजून एकदा वाजवू दे, मग उघडतो! तिने चारदा वाजवलं. पाचवी थाप आलीच नाही. तेव्हापासून माणूस ढिम्म. जेवायचा, झोपायचा, कडी ओढायचा.

आज सकाळी मेहुणीचा फोन आला. "भावजी, ताई पाचला घरी येतेय. या वेळी दार उघडलं नाहीत, तर उद्या ती मुलाकडे जाणार. कायमची."

"बरं," मास्तर म्हणाले. आनंद झाला असावा, पण तो कुठे होतो तेच त्यांना आठवेना. दुपारचा प्रयोग साडेचारला संपतो, घर दहा मिनिटांवर. लॅचचं दार ओढून ते निघाले.

तिसरी वेळ आली. एक थाप, दोन, तीन. चौथीला मास्तरांच्या हाताने कडी काढली. त्यांनी नव्हे, हाताने.

बाहेर नट आ वासून उभा. मागे केसांच्या पिना काढत बसलेली नटी तशीच धावली. पुढचं काही लिहिलेलंच नव्हतं! दोघं सुचेल ते बोलत राहिले, प्रेक्षक रडायला लागले, आणि मास्तर उघडं दार धरून उभे. सोडलं असतं तर भिंतीवर आपटलं असतं. पडदा पडायला पाच वाजून गेले.

दिग्दर्शक मिठी मारायलाच आला. "मास्तर, रोज असंच करा!"

मास्तर आयुष्यात पहिल्यांदा पळाले. जिन्यात शेजारीण भेटली.

"वहिनी आत्ताच येऊन गेल्या. चारदा वाजवलं. मी म्हटलं, ते कामावर असतील, माझ्याकडे बसा. तर म्हणाल्या, नाही हो, ते आतच आहेत, मला माहितेय."

"मी आत नव्हतो," मास्तर म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "मी नव्हतो हो आत."

शेजारणीने मान हलवली. तिला ते पटलं होतं.