चार चाकू आणि दादाचा डावा हात

चार होते, चारही मी घेतले. आधी एवढं कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला बिचारा समजायला नको.

ग्वाल्हेरला नई सडकेवर सुऱ्या-कात्र्यांचं एक जुनं दुकान आहे. घडीचे चाकू जमवायचा मला शौक असल्यामुळे तिथला म्हातारा दुकानदार मला ओळखतो. दिवाळी झाल्यावर गेलो तर त्याने खालच्या खणातून कागदी पुड्या काढल्या. पितळी मुठीचा, एकाच पात्याचा घडीचा चाकू, ज्याच्या पात्यावर नख अडकवायला चांगली लांब खाच असते, तो. "बाबूजी, बनना बंद हो गया. कारखाना ही उठ गया. ये चार बचे हैं," तो म्हणाला आणि मग डोळे बारीक करून त्याने विचारलं, "चलाना है कि सजाना है?"

प्रश्न बरोबर होता. चलवायचा असेल तर मुठीवरचा ओरखडा चालतो, पातं जरा हललं तरी चालतं, फक्त पोलाद चांगलं हवं. सजवायचा असेल तर सगळंच बघावं लागतं. पातं मुठीच्या बरोब्बर मधोमध बसतं का, उघडताना स्प्रिंग खणखणीत वाजते का, कागदावरचं कारखान्याचं तेल शाबूत आहे का. मी अर्धा तास एकेक उघडून बघत होतो. तीन अगदी कोरे होते. चौथ्याच्या मुठीवर एक बारीक चरा होता, म्हणजे तो वापरायचा चाकू. हा दादासाठी घ्यावा, असं माझ्या मनात आलं होतं. आलं होतं, हे मी नाकारत नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. इंदरगंजच्या मागे मुलाकडे, सुनेकडे राहतो. तीन वर्षांपूर्वी लकव्याने त्याची उजवी बाजू गेली. वाचा परत आली, पाय ओढत का होईना चालू लागला, पण उजवा हात गेला तो गेलाच. नेमका असाच एक चाकू त्याच्याकडे वीस वर्षांपासून होता. मूठ दोन गुडघ्यांत धरायची, डाव्या अंगठ्याचं नख त्या लांब खाचेत घालायचं आणि ओढायचं. मिटताना पात्याची पाठ मांडीवर दाबायची. आजकालचे चाकू सगळे लॉकवाले, बंद करायला दोन हात लागतात. आणि स्वयंपाकघरातली सुरी मागायची तर सुनेला हाक मारावी लागते. दादा दिवसभर तिलाच हाका मारायचा. पायजम्याची नाडी, औषध, चष्मा, सगळ्याला ती. फक्त संध्याकाळी हातगाडीवाल्याकडून पेरू घेऊन तो दाराबाहेरच्या ओट्यावर बसायचा आणि आपला आपण कापून खायचा. दिवसातलं तेवढंच एक काम त्याचं स्वतःचं उरलं होतं.

हे मला ठाऊक होतं. तरी चौथाही मी माझ्यासाठीच बांधून घेतला. का? तर मी सातवीत असताना मामाने मला पहिला चाकू दिला होता आणि दादाने तो न विचारता नेऊन पेंटचा डबा उघडला. टोक तुटलं. मी रडलो तर म्हणाला, "चाकूच तर आहे, त्याची काय पूजा करायची?" आमचे पूर्वज दख्खनहून फौजेबरोबर तलवार घेऊन आले म्हणे, आणि आम्ही दोघं भाऊ म्हातारपणी एका चाकूवरून मनात डूख धरून. हसा खुशाल. पण त्याचा आहे ना एक, मी स्वतःला म्हटलं, कशाला हवा दुसरा? चारही अलमारीत गेले.

महिन्याभराने सुनेचा फोन आला. ती साताऱ्याची, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. "अहो काका, बाबांनी अंगठा कापून घेतलाय. केवढं रक्त! डॉक्टर म्हणतात, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत, जपा. या चाकूचं काय करू मी?"

मी टीव्हीवर मॅच बघत होतो. "अगं, काय करायचंय? मोडून ठेव," म्हटलं आणि फोन ठेवला.

आता आम्ही ग्वाल्हेरवाले चादर मोडतो, छत्री मोडतो, कागद मोडतो, पँटचे पाय मोडतो. हिंदीच्या शेजारी राहून राहून मोडणं म्हणजे घडी घालणं, मिटणं, हे आमच्या जिभेला इतकं बसलंय की दुसरं काही सुचतच नाही. साताऱ्याच्या मुलीला हे कसं कळावं? तिने सासऱ्याचा चाकू घेतला, पातं खिडकीच्या गजांत अडकवलं आणि सगळा जोर लावून मोडला. दोन तुकडे. आणि वर ते तुकडे नीट कागदात गुंडाळून ठेवले, कारण काकांनी "ठेव" असंही सांगितलं होतं!

मला हे कळलं तेव्हा मी हसून हसून लोळलो. त्याच दिवशी दादाला फोन करायला हवा होता, पण मी तो किस्सा सगळ्या गोतावळ्यात वाटत सुटलो. साखरपुड्यात, मुंजीत, मंडळाच्या बैठकीत. "आमच्या सुनेला काही मोडायला सांगू नका हं, घर मोडून ठेवील!" एकदा ती समोरच उभी होती, हातात पोह्यांच्या बशा. चार माणसं खो खो हसली. ती लाल झाली, बशा ठेवल्या आणि आत गेली. बायकोने मला कोपर मारलं. मी आणखी जोरात हसलो.

आपण मुद्दाम मोडला नाही हे बिचारीला दादाला पटवायचं होतं, म्हणून तिने त्याला नई सडकेवर पाठवलं, तसलाच नवा घेऊन या म्हणून. दादा एकटा ई-रिक्षात बसून गेला. दुकानदाराने त्याला सांगितलं, "चारों तो आपके छोटे भाई ले गए." दादा त्याच रिक्षाने हरिशंकरपुरमला माझ्या दारात उतरला. पाय ओढत आत आला, बसला, घाम पुसला. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"दाखव," म्हणाला.

मी दाखवले. खरं सांगतो, मला दाखवायचेच होते. मऊ फडक्यावर चारही मांडले. त्याने डावा हात पुढे केला आणि चऱ्याचा उचलला. गुडघ्यांत धरला. नख खाचेत घालणार तेवढ्यात मी तो काढून घेतला.

"डाग पडेल. घामाचा हात आहे तुझा."

"एक दे मला."

"हे चलवायचे नाहीत दादा. ठेवायचे आहेत."

"ठेवून काय, लोणचं घालणार? तू मेल्यावर कोण बघणार आहे यांना? भंगारवाला?"

बायको दारात उभी होती. तिच्यासमोर असं बोलला म्हणून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "एक हात गेलाच आहे. दुसरा कापून घ्यायचाय का? मग तोंडाने चलवशील?"

दादाच्या ओठाची उजवी कड तशीही खाली ओढलेली असते, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. उठायला त्याला वेळ लागला. मी हात दिला नाही, बायकोने दिला. तो गेल्यावर मी चाकूवरचा त्याच्या बोटांचा ठसा पुसला, आणि मला बरं वाटलं. लाज वाटली ती खूप नंतर, तीही बायको आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही म्हणून. शेवटी ती एवढंच म्हणाली, "तुमच्या त्या अलमारीपेक्षा त्यांचा हात मोठा आहे हो."

तरी मला दोन महिने लागले. कधी वाटायचं, चऱ्याचाच आहे, देऊन टाकू. मग वाटायचं, चार म्हणजे पुरा संच, तीन म्हणजे काय? असला हलकटपणा मी रोज सकाळी दाढी करताना करायचो. पेरूचा मोसम सरत आला तेव्हा मी एकदाचा चाकू खिशात टाकला, वाटेत गाडीवरून चांगले दोन पेरू निवडून घेतले आणि दादाकडे गेलो.

तो ओट्यावर नव्हता. आतल्या खोलीत खुर्चीत बसला होता, गळ्याशी रुमाल बांधलेला. मी चाकू त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "घे. वापर. डाग पडू देत."

त्याने चाकूकडे बघितलं. मग खिडकीकडे. डावा हात खुर्चीच्या हातावर होता, तो तिथेच राहिला.

"अरे दादा, उघडून तर बघ. मी चुकलो. चुकलो म्हणतोय ना?"

मग मीच पातं उघडलं आणि त्या कोऱ्या पोलादाने पहिल्यांदा काही कापलं. पेरूची पातळ फोड केली, बिया काढल्या, तिखट-मीठ मागवून लावलं, आणि त्याच्या तोंडाजवळ नेली. त्याने ओठ मिटून घेतले. मी फोड ओठांना टेकवली. तिखट ओठाला लागलं तरी तो हलला नाही. माझा हात दुखायला लागला.

तेवढ्यात सून वाटी-चमचा घेऊन आली. वाटीत पेरूचेच बारीक तुकडे होते, तिने केलेले. ती खाली बसायच्या आतच दादाने तिच्याकडे मान वळवली आणि तोंड उघडलं. तिने एक घास भरवला, रुमालाने ओठावरचं तिखट पुसलं आणि दुसरा घास भरवला. तो चावत होता आणि माझ्याकडे बघत होता.

माझ्या हातात ती फोड तशीच होती.

"काका, तुम्ही खा ना ती," सून म्हणाली.

मी खाल्ली.