ज्यानं पाय मोडला

ढाक्याच्या इस्पितळात मी देवीशी बोलणं सोडून दिलं होतं. गडावरची सप्तशृंगी आमची कुलदेवी. गोवा, कोलकाता, मालदीव, कुठंही खेळलो तरी तिचं नाव घेऊनच मैदानात उतरायचो. दर हंगामाला नवा क्लब, आणि गोल आटले की परतीचं तिकीट, असं माझं फुटबॉलमधल्या स्ट्रायकरचं आयुष्य. त्याचीही कधी तक्रार केली नाही. पण ढाक्यात एका बचावपटूनं केलेल्या टॅकलमध्ये नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, "एकदा हाड साफ करून बघतो, नाहीतर पाय कापावा लागेल. रक्ताची सोय करा." माझा गट ओ निगेटिव्ह, कुणी मिळेना. क्लबची माणसं फिरकेनाशी झाली होती. नाशिकजवळ मखमलाबादच्या मळ्यात झेंडू तोडणाऱ्या आईला काय कळवायचं, तेही सुचत नव्हतं. त्या दुपारी भिंतीकडं तोंड करून पडलो असताना तोंडून एवढंच निघालं, "तुला करायचं ते कर. मी काही मागत नाही."

संध्याकाळी दारात रफीक उभा होता. ज्यानं माझा पाय मोडला, तोच. मी हाताशी असलेला पाण्याचा ग्लास त्याच्या अंगावर फेकला. तो हलला नाही.

"भाई, हम मारने नहीं आया था. बॉल को आया था," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. मग हळूच, "नीचे डॉक्टर से बात किया. मेरा भी ओ निगेटिव्ह है."

मी परत भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यानं रक्त दिलं. पाय वाचला, पण आखूड झाला. खेळ कायमचा संपला. पुढचे कित्येक दिवस रफीक घरून भात-मासळी आणायचा, मला बेडपॅन द्यायचा, फारसं न बोलता बसून राहायचा. माझ्यानंतर त्याला टॅकल करायचा धीरच होईना, म्हणून त्याच्या क्लबनं त्यालाही काढून टाकलं. हे मला विमानतळावर कळलं, माझी चाकाची खुर्ची ढकलताना त्यानं सांगितलं तेव्हा. तोवर मी त्याला एकदाही नीट हाक मारली नव्हती.

नाशिकला आल्यावर माझ्याकडून सगळं ऐकून आई मला गडावर घेऊन गेली. अर्ध्या पायऱ्या मी बसत, सरकत चढलो. आईनं पुजाऱ्यांपुढं दोन नारळ ठेवले.

"एक याच्या नावानं," ती म्हणाली, "एक रफीकच्या."

"रफीक कोण, बाई?"

"ज्यानं याचा पाय मोडला तो. त्याचं रक्त हाय आता याच्यात. त्यालाबी सुखी ठेव म्हणावं आईला."

पुजाऱ्यांनी क्षणभर आमच्याकडं पाहिलं आणि दोन्ही नारळ देवीपुढं वाढवले. मी तिथंच खांबाला टेकून रडलो.

खेळ गेला तो गेलाच, थंडीत हाड अजून ठणकतं. देवीनं काय केलं, असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. एवढंच कळतं, की मी मागत राहिलो असतो तर धडधाकट पाय मागितला असता. रफीकला कधीच मागितलं नसतं.