ड्युई बादलीवर बसतो तेव्हा

उद्या सकाळी आमचा ड्युई ‘हो’ म्हणून मोकळा होईल, ही धास्ती काही केल्या माझ्या मनातून जात नाही. मुलाला बढती मिळतेय आणि आईची झोप उडालीय, हे कुणी ऐकलं तर हसेल. हॉयट, माझा नवरा, तर सरळ म्हणाला, “लेनोरा, काळजी करायला काही उरलं नाही म्हणून आता तू आनंदाचीच काळजी करायला लागलीस.” एवढं बोलून तो घोरायलाही लागला. कालची, शनिवारची मॅच मात्र अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

ड्युई छत्तीस वर्षांचा आहे. नदीकाठच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा तो सहायक कोच. आमच्या अलाबामात फुटबॉल म्हणजे लांबुळका चेंडू पोटाशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी तुम्हाला आडवं पाडायचं, तो. संघाचं आक्रमण म्हटलं की लोकांना दिसतो क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा देखणा मुलगा. त्याच्यापुढे पाच धिप्पाड पोरं उभी असतात, ती कुणाच्या नजरेत येत नाहीत. त्यातला मधला चेंडू मागे देतो, बाकीच्या चौघांचा चेंडूशी संबंधच येत नाही. समोरून धावून येणाऱ्यांना अडवायचं, आपल्या माणसाला वाट करून द्यायची, एवढंच त्यांचं काम. त्या पाचांची फळी ड्युईच्या हाताखाली आहे.

हे वेड त्याला कुठून लागलं ते मला ठाऊक आहे. तो नऊ-दहा वर्षांचा असताना आमच्या चर्चमधला पियानो दुसऱ्या खोलीत न्यायचा होता. हॉयट आणि त्याचे तीन भाऊ घामाघूम झाले, एकमेकांवर खेकसून झाले, पियानो दारातून हलेना. ड्युई जमिनीवर पालथा पडून त्यांच्या पायांकडे बघत होता. मग म्हणाला, “बाबा, तुम्ही सगळे एकाच पायावर जोर देताय. रॉय काका, तुम्ही डावा पाय मागे घ्या. आणि कुणीतरी ‘आता’ म्हणा की!” रॉय ‘आता’ म्हणाला आणि पियानो सरकला. मी घाबरून ओरडत होते, “ड्युई, बाजूला हो, बोटं चिरडतील!” मी आयुष्यभर त्याला हेच ओरडत आलेय म्हणा.

पुढे तो स्वतः फळीत खेळला, गुडघा कामातून गेला, आणि खेळणं सुटलं तसा शिकवायला लागला. जॉर्जिया, कॅन्सस, पुन्हा जॉर्जिया. या धंद्यात मुख्य कोचला काढलं की त्याचे सहायकही सामान बांधतात, त्यांचं काम कितीही चांगलं असो. ड्युईची बायको टेसा दर वेळी नव्या गावात नवा डॉक्टर, नवी शाळा शोधायची. दोन वर्षांपूर्वी ते इथे आले, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. नाती आता आठवड्यातून दोनदा माझ्याकडे जेवतात. माझं सुख किती साधं आहे बघा.

फळीच्या कोचनं दर गुरुवारी आपल्या पोरांना घरी जेवू घालायचं, हा आमच्याकडचा रिवाज. ड्युईकडे त्या दिवशी रणधुमाळी असते. टेसा आणि मी दुपारपासून डुकराच्या बरगड्या भाजतो, बटाट्याचं सॅलड कालवतो, मक्याचा पाव भट्टीतून काढतो. पोरं दारात वाकून आत येतात, “येस मॅम, थँक यू मॅम” म्हणतात आणि टोळधाड आल्यासारखी टेबल साफ करतात. दोन खुर्च्या मोडल्यावर टेसानं बाकडी आणली. पण ड्युईचं लक्ष जेवणावर नसतं. ज्या दोघांचं त्या आठवड्यात बिनसलेलं असतं, त्यांना तो मुद्दाम शेजारी बसवतो आणि दोघांत सॅलडचं एकच भांडं ठेवतो.

मी एकदा विचारलं, “हे काय रे तुझं?”

“आई, मैदानावर चेंडू हलायच्या आधी ही पोरं एकमेकांना सांगतात, हा माझा, तो तुझा. शेजाऱ्याशी अबोला असला की दोघांच्या मधून माणूस घुसतो. लोक म्हणतात क्वार्टरबॅक घाबरला. घाबरणार नाही तर काय करेल बिचारा?”

तेव्हापासून मी मॅच बघते ती त्या पाचांचीच. शेजारच्या बायका चेंडूकडे बघून किंचाळतात, मी भलतीकडे बघून.

मुख्य कोच मॅब्री माणूस वाईट नाहीत. आक्रमणाची प्रत्येक चाल तेच ठरवत होते. या हंगामात लागोपाठ दोन मॅच हरल्यावर त्यांनी ड्युईला मैदानावरून उचललं आणि प्रेक्षकांच्या वरच्या काचेच्या खोलीत बसवलं. “वरून सगळं मैदान दिसतं, आणि तुझ्यासारखी नजर दुसऱ्या कुणाला नाही,” म्हणाले. खरंच होतं ते. ड्युई वरून फोनवर सांगायचा, डावीकडे जागा मोकळी आहे, आणि ती असायचीच. पण खाली आपल्या पोरांसमोर उलट्या बादलीवर गुडघ्याला गुडघा लावून बसणारा माणूस गेला. फळी अडखळायला लागली. संघ आणखी दोनदा हरला. रेडिओवर सगळे क्वार्टरबॅकला, केंड्रिकला, शिव्या घालत होते.

शनिवारी शेवटची मॅच होती, नदीपलीकडच्या कॉलेजशी. ही मॅच हरलेल्या कोचशी आमच्या गावात न्हावीसुद्धा नीट बोलत नाही. उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा आम्ही चौदा गुणांनी मागे. पहिल्याच डावात केंड्रिकला दोनदा आडवा केला. तिसऱ्यांदा तो पडला तो उठलाच नाही चटकन. घुसणारा माणूस दर वेळी एकाच जागेतून येत होता, थॅडच्या डाव्या खांद्यावरून. थॅड ब्रूम, फळीतला वयानं सगळ्यात लहान, आणि आमच्या गुरुवारच्या बाकड्यावरचा सगळ्यात खादाड.

“त्या थॅडला बाहेर काढा!” मागचा एक गृहस्थ ओरडला.

“तू जा ना आत, पोट तर त्याच्याएवढंच आहे तुझं!” हॉयट वळून म्हणाला.

तेवढ्यात वरच्या बाजूला गलका झाला. मी वळून बघते तर ड्युई! काचेच्या खोलीतून बाहेर पडून प्रेक्षकांमधल्या पायऱ्यांवरून धडधडत खाली येत होता. गुडघा दुखरा, गळ्यात ओळखपत्र उडतंय, अंगात नुसता शर्ट. कुणाचा तरी पॉपकॉर्नचा डबा त्याच्या कोपरानं उडाला.

“काय कोच, घरी निघालास?” कुणीतरी टोमणा मारला.

“थांबा, हरू तर द्या आधी!” दुसरा.

मी उभी राहिले आणि माझ्या तोंडून काय निघावं? “ड्युई! जाकीट कुठेय तुझं?”

त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कठड्यावरून पाय टाकून मैदानात उतरला.

पुढचं थॅडनं त्याच्या आईला सांगितलं आणि तिनं मला. कोच मॅब्री लालबुंद झाले. “तुला वर बसायला सांगितलंय ना? कुणाला विचारून आलास?”

“कुणालाच नाही. वरचं माझ्या शेजारी बसणारा लॅन्स बघतोय. त्याचे डोळे बरे आहेत. मला पाच मिनिटं द्या, कोच. मग हवं तर मला काढून टाका.”

“ते मी तसंही करणार आहे!”

ड्युईनं पाण्याची बादली उपडी केली, थॅडसमोर बसला. थॅड खाली मान घालून हातमोज्यांकडे बघत होता. पूर्वार्धात त्याची एक चूक झाली होती. त्यानंतर मैदानावर त्यानं तोंडच उघडलं नव्हतं. ‘हा माझा’ म्हणायचं, आणि चुकलं तर? म्हणून गप्प. शेजारच्याला कळेना कुणी कुणाला धरायचं. काचेच्या खोलीतून डोकी दिसतात, मिटलेली तोंडं दिसत नाहीत.

“थॅड, परवा माझ्या घरी बटाट्याचं सॅलड कुणी संपवलं?”

“मी, कोच.”

“ऐकू नाही आलं.”

“मी संपवलं, कोच!”

“आणि भांडं कुणी चाटलं?”

“मीच चाटलं, कोच!” बाकीचे चौघे फिस्कन हसले.

“हां. हाच आवाज. ओळीत उभा राहिलास की ह्याच आवाजात सांगायचं. चुकलं तर चुकलं, पण मोठ्यानं चूक. सगळे एकत्र चुकलो तर एकाच दिशेला तरी चुकू.”

आता मी तुम्हाला कसं सांगू! पुढच्या डावात थॅडचा आवाज आम्हाला वर ऐकू आला. शब्द नव्हे, नुसती डरकाळी. चेंडू मागे गेला आणि ती पाच पोरं एकदम पुढे सरकली, जसं कुणी ‘आता’ म्हटलं असावं. मधे दारासारखी वाट उघडली आणि आमचा धावणारा मुलगा त्यातून आरामात चालत गेला म्हटलं तरी चालेल. ड्युईनं मॅब्रींना तीच चाल पुन्हा मागितली. मग पुन्हा. समोरच्यांना कळत होतं काय येणार आहे, आणि तरी थांबवता येत नव्हतं! चेंडू त्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे गेला, टचडाउन झाला, तेव्हा हॉयटनं माझी टोपी हवेत उडवली. ती अजून सापडलेली नाही.

दर डाव संपला की ड्युई पुन्हा बादलीवर. एकाचा बूट बांधून दे, एकाला टपली मार, एकाच्या कपाळाला कपाळ टेकव. आम्ही बरोबरी साधली, त्यांनी तीन गुण काढले, घड्याळ संपत आलं. चेंडू त्यांच्या रेषेपासून हातभर अंतरावर. सगळ्यांना वाटलं केंड्रिक फेकणार. मी हॉयटचा दंड असा आवळला की तिथे अजून निळं आहे. चेंडू हलला, थॅड वाकला, त्याच्यासमोरचा भलामोठा माणूस आधी थबकला, मग मागे गेला, मग उताणा पडला, आणि केंड्रिक त्याच्या अंगावरून आत! जिंकलो! मी काय ओरडले मला आठवत नाही. चर्चमधल्या बायका आज माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघत होत्या.

आजच्या पेपरात केंड्रिकचा फोटो आहे. कोच मॅब्रींनी सांगितलंय, “उत्तरार्धात आम्ही काही बदल केले.” बदल म्हणजे आमचा ड्युई, जाकिटाविना.

त्याला काढलं नाही. उलट चर्चनंतर तो जेवायला आला तेव्हा बातमी घेऊनच आला. मॅब्रींनी सगळं आक्रमण त्याच्या हाती द्यायचं ठरवलंय. चाली तोच ठरवणार, बाकीचे सहायक त्याच्या हाताखाली, तीन वर्षांचा करार. फक्त त्यानं कायमचं वर बसायचं, काचेच्या खोलीत. उत्तर उद्या सकाळी हवंय.

हॉयटनं टेबलावर मूठ आपटली. टेसाला रडूच आलं. ती म्हणाली, “तीन वर्षं म्हणजे मुलींची शाळा बदलायला नको. अंगणात झाड लावता येईल मला.” मी तिला जवळ घेतलं. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू? तीन वर्षं नाती अर्ध्या तासावर!

ड्युईनं तळलेल्या कोंबडीचा तुकडा हातात धरला होता, तसाच.

“मग फळी कोण बघणार?” मी विचारलं.

“मॅब्री म्हणतात, बघेल कुणीतरी. फळीला शिकवणारे ढिगानं मिळतात.” मग म्हणाला, “चांगलंच आहे ना, आई?”

“हो रे, चांगलंच आहे,” मी म्हणाले, आणि त्याला आणखी ग्रेव्ही वाढली.

तेव्हापासून त्याचं ते वाक्य मला टोचतंय. तो मला विचारत नव्हता, मी ‘नाही’ म्हणावं म्हणून वाट बघत होता. आई झाल्यावर एवढं तरी कळतं. मुख्य कोचचा पुतळा उभारतात, क्वार्टरबॅकच्या नावाचे शर्ट विकले जातात, पण आक्रमण चालतं ते कुणीतरी एक माणूस एका घाबरलेल्या पोरासमोर जाऊन बसतो म्हणून. वरची नजर लॅन्सकडे आहे, केंड्रिकला शिकवणाराही आहे. थॅडचं तोंड उघडणारा मात्र एकच. त्याला वर कोंडलं तर पुढच्या वर्षी हीच पोरं पुन्हा मुकी होतील, संघ हरेल, आणि तीन वर्षांचा तो करार काय कामाचा? आणि संघ जिंकला तरी ड्युईचं काय? वर त्याला समोर बसायला कुणी नसेल.

त्यानं मॅब्रींना सांगायला हवं: आक्रमण घेतो, पण चाली मैदानातूनच ठरवेन, फळी माझ्याकडेच राहील. ते कदाचित चिडतील, सगळंच काढून घेतील. मग पुन्हा कॅन्सस, पुन्हा खोकी, आणि टेसा माझ्याशी वर्षभर बोलणार नाही. तिचं चुकणारही नाही. नाती मला फोनच्या पडद्यावर वाढताना दिसतील. हे सगळं मी दहादा मनात उलटसुलट केलंय.

मी फोन उचलला तसा हॉयट खोलीतून बाहेर आला, डोळे चोळत.

“कुणाला लावतेस या वेळी?”

“ड्युईला.”

“अगं, झोपला असेल तो. सकाळी कर.”

“झोपलेला नाही तो. आणि सकाळी तो ‘हो’ म्हणून बसलेला असेल.”

हॉयटनं दिवा लावला. मग त्यानं खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, “आवाज मोठा ठेव. मलाही ऐकायचंय.”

मी नंबर लावला.