कोरा राहिलेला चौक

रिसॉर्टच्या भिंतीवर एक वारली बाई तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढत होती. आम्ही पाहुणे मोबाईल रोखून उभे होतो. चारी बाजूंची नक्षी झाली आणि तिचा हात थांबला.

"मावशी, आता मधे देवी काढा," मॅनेजर म्हणाला.

"लगीन कुणाचं आहे?"

"कुणाचं नाही. पाहुण्यांना दाखवायचंय."

"मग देवी कशाला येईल?"

त्याचा आवाज चढला. उद्या दुसरी बाई आणीन, म्हणाला. तिने काडी पिठाच्या वाटीत ठेवली, पण जागची हलली नाही. ही कला जगली पाहिजे, असं जेवताना मीच मोठ्याने म्हणालो होतो. कशासाठी, हे मात्र मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खरंच दुसरी बाई आली. तिनेही चारी बाजू भरल्या, मधे येऊन थांबली आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "नवरी कुठाय?"